गर्दी मोजेल यंत्र, थांबवणार कोण?

विषय मोठा आहे, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि समाज. तो सगळा एका व्याख्यानात मावायचा नाही, म्हणून आपल्या दारातलंच एक उदाहरण घेतो: 2027 चा सिंहस्थ. एआयचे कॅमेरे, ड्रोन, नियंत्रण कक्ष यांच्या बातम्या आपण वाचतोच आहोत. माझी टीका या यंत्रांवर नाही. यंत्र आलं म्हणजे प्रश्न सुटला, असं जे आपण धरून चाललोय, त्यावर आहे.

आधी एक शब्द बघू. हिंदीत 'भगदड' म्हणतात, इंग्रजीत 'स्टॅम्पीड'. दोन्हींत पळणं आहे. जणू लोक घाबरून पळाले म्हणून मेले. आपला 'चेंगराचेंगरी' हा शब्द जास्त खरा आहे. अशा गर्दीत बहुतेक मृत्यू श्वास कोंडून होतात. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहाहून जास्त माणसं आली, की कुणाचंच पाऊल स्वतःच्या ताब्यात राहत नाही. पुढे काय झालंय हे मागच्यांना कळत नाही, आणि ते ढकलत राहतात.

इथे यंत्राचा उपयोग आहे, आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. कॅमेऱ्यातल्या चित्रावरून कुठे किती दाटी झाली, याचा अंदाज संगणक काही क्षणांत देतो. जमिनीवर उभ्या असलेल्या पोलिसाला तो येत नाही. त्याला समोरच्या चार रांगा दिसतात.

नाशिकला याची गरज कुणी समजावून सांगायला नको. 27 ऑगस्ट 2003 ला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर 39 भाविक गेले. पुढच्या, म्हणजे 2015 च्या सिंहस्थाआधी मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबचे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' भरलं. त्यातून 'आशिओतो' ही पावलं मोजणारी चटई पुढे आली. म्हणजे गर्दी मोजायचं तंत्र आपल्याच गावात वापरून झालंय.

मग अडतं कुठे? प्रयागराज बघा. 2025 च्या कुंभात सुमारे 2,700 कॅमेरे होते, त्यांतले तीनशेहून जास्त एआयचे. तरी 29 जानेवारीला, मौनी अमावस्येच्या पहाटे, संगमाजवळ चेंगराचेंगरी झालीच. त्या दिवशी सरकारनेच 30 मृत्यू सांगितले. गर्दी काही लपलेली नव्हती. घाटावर झोपलेल्यांनी उठावं, चेंगराचेंगरी होऊ शकते, असं एक वरिष्ठ अधिकारी ध्वनिक्षेपकावरून सांगत असल्याची चित्रफीत नंतर देशभर फिरली. धोका माहीत होता. मागून येणारा लोंढा मात्र थांबला नव्हता.

आपल्या मुंबईतलं एल्फिन्स्टन रोड आठवा. 29 सप्टेंबर 2017, 23 माणसं. तो पूल अपुरा आहे हे रोजच्या प्रवाशांना कुठल्या कॅमेऱ्याने सांगायला नको होतं. नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. पूल झालेला नव्हता. दुर्घटनेनंतर लष्कराने तो काही महिन्यांत उभा केला. माहिती असणं आणि त्यावर हालचाल होणं, या दोन गोष्टींमधलं अंतर कुठलंच सॉफ्टवेअर भरून काढत नाही.

आणि थांबवणं सोपं नसतं, हेही बघा. 2015 च्या पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक होता, की भाविकांची मैलोन्‌मैल पायपीट झाली, व्यापारी नाराज झाले आणि शिव्या खाल्ल्या त्या पोलिसांनी. तो सिंहस्थ चेंगराचेंगरीशिवाय पार पडला, हे मात्र आपण पटकन विसरलो. वाट वेळेवर बंद करणाऱ्याच्या वाट्याला कौतुक येत नाही. पडद्यावर लाल ठिपका दाखवणं यंत्राला फुकट पडतं. त्या ठिपक्यावर आदेश देणाऱ्याला मात्र किंमत मोजावी लागते.

उलट मोठा आकडा सगळ्यांना आवडतो. प्रयागराजला 66 कोटी लोक आले, हे अभिमानाने सांगितलं गेलं. गर्दी मोजायची ती मिरवण्यासाठी, की आवरण्यासाठी? एकाच मोजणीची ही दोन कामं एकमेकांच्या विरोधात जातात.

वारीचं उदाहरण देण्याचा मोह होतो. माऊलींच्या पालखीत दिंड्यांना क्रमांक असतात, रथापुढच्या आणि रथामागच्या. चोपदाराने दंड उंचावला की हजारो माणसं शांत होतात. तिथे गर्दी जमण्याआधीच बांधलेली असते. पण वारीची माणसं अनेक दिवस एकत्र चालतात, एकमेकांना ओळखतात. नाशिकरोडला गाडीतून उतरणारा भाविक एकटाच असतो, त्याला चोपदार नाही. त्यामुळे थांबवण्याचा अधिकार कुणाला, हे आधी ठरवावं लागेल.

म्हणून तीन गोष्टी मागूया. एक: कोणत्या घाटावर किती दाटी झाली की वाट बंद, हा आकडा पर्वणीआधी लेखी जाहीर व्हावा. दोन: तो आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचं पद जाहीर व्हावं, आणि आखाड्याची मिरवणूक असो की मंत्र्यांचा ताफा, दोन्ही थांबवायचा अधिकार त्याला असावा. तीन: मेळ्यानंतर मोजणीच्या नोंदी स्वतंत्र तज्ज्ञांना तपासायला मिळाव्यात, आणि टिपलेले चेहरे ठरलेल्या मुदतीत पुसले जावेत. 2023 च्या वैयक्तिक डेटा कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय आहे, त्यामुळे हे आपणच विचारायला हवं.

कॅमेऱ्यांची संख्या आपल्याला न विचारताही सांगितली जाईल. या तीन प्रश्नांची उत्तरं मात्र विचारल्याशिवाय मिळणार नाहीत, आणि ती विचारायची वेळ पर्वणीआधीची आहे.