कणकेची बाहुली आणि जाडजूड कादंबरी

जाड अद्भुत कादंबरीवर सिनेमा आला की ती वाचलेली मंडळी थिएटरबाहेर पडता पडता काय काय गाळलं याचा हिशोब मांडतात. पीटर जॅक्सनने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तीन चित्रपटांत (२००१ ते २००३) टॉम बॉम्बाडिल या पात्राला घेतलंच नाही. शेवटी हॉबिटांना स्वतःचं गावच सोडवून घ्यावं लागतं, तो भागही उडवला. चाहते कुरकुरले, चित्रपट मात्र टिकले. डेव्हिड लिंचने १९८४ मध्ये ‘ड्यून’ सव्वादोन तासांत कोंबली, पात्रांच्या मनातलंसुद्धा कुजबुजून ऐकवलं. तिथे वाचकही वैतागले आणि प्रेक्षकही.

मराठीत कादंबरीवरून चित्रपट करायला आपण कधी कचरलो नाही. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या तेंडुलकरांनी एकाच पटकथेत आणल्या आणि जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये ‘सिंहासन’ केला. ‘बनगरवाडी’ झाला, ‘शाळा’ झाला. पण मंत्री, मेंढपाळ किंवा नववीचा वर्ग म्हणजे काय हे प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. अद्भुताचं तसं नसतं. तिथे आधी जगाचे नियम शिकवावे लागतात, मग ते मोडून दाखवायचे. कादंबरीला या शिकवणीसाठी शंभर पानं मिळतात. चित्रपटाला दहा मिनिटं मिळाली तरी खूप. आपली गाडी इथेच अडते.

ती एकदाच सुसाट सुटली, ‘तुंबाड’मध्ये (२०१८). राही अनिल बर्वे यांना मूळ ठिणगी मिळाली नारायण धारपांच्या एका कथेतून. नाव आलं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, आणि त्या दोन खंडांशी चित्रपटाचा बाकी काही संबंध नाही. म्हणजे हे जाड कादंबरीचं रूपांतर नव्हे. तरी त्याचा घाट कादंबरीचाच आहे: १९१८, १९३३ आणि १९४७ असे तीन अध्याय, एका घराण्याची हाव, आणि सगळं पावणेदोन तासांच्या आत.

हे जमलं कसं, ते विहिरीतल्या प्रसंगात दिसतं. नायक विनायक दोरावरून खाली उतरतो, भोवती पिठाचं रिंगण आखतो, कणकेची बाहुली पुढे टाकतो. शापित देव हस्तर तिच्यावर तुटून पडतो तेवढ्यात त्याच्या लंगोटातून मोहरा हिसकायच्या आणि दोर धरून वर यायचं. शापाची कहाणी सुरुवातीला सांगून झालेली असते, पण नियम आपल्याला कळतात ते विनायकाच्या हातांकडे बघून, एखादा कारागीर काम करताना बघावा तसे. नंतर तो हेच काम मुलाला शिकवतो, म्हणजे आपलीही उजळणी होते. आणि जेव्हा मुलगा एकीऐवजी पुष्कळ बाहुल्या न्यायची शक्कल काढतो, तेव्हा काय होणार हे कोणी समजावत नाही. जितक्या बाहुल्या, तितके हस्तर. चित्रपटाचा सगळा कळस कणकेच्या हिशोबावर उभा आहे. चित्रपट हिंदीत निघाला, ही सल मराठी वाचकाला राहणारच. वाडा आपला, धारप आपले, पावसाची झडसुद्धा आपली. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला करून गेला.

सगळं जग एका दिसणाऱ्या गोष्टीत आणून ठेवायची ही युक्ती नवी नाही. ना. ह. आपट्यांच्या ‘भाग्यश्री’ कादंबरीवरून प्रभातने १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ काढला. बळी देण्याच्या प्रथेवरून राजा आणि राजगुरू यांच्यात जुंपते. शांतारामांनी राजगुरूची सारी दहशत पडदाभर पसरलेल्या एका डोळ्यात आणून ठेवली. त्या डोळ्याने किती पानं वाचवली असतील!

दुसरी वाट पुस्तकापासून लांब जाण्याची. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला आदित्य सरपोतदारांनी २०१७ मध्ये थेट वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या घोटाळ्यात नेऊन सोडलं. पुस्तकातला पोरगेला बन्या फेणे गेला, उरलं नाव आणि हुशारी. वर स्वतः भागवतच पात्र म्हणून आले, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात. ही सलामी मला गोड वाटली, पण रूपांतर म्हणून पळवाटच वाटली. त्याच दिग्दर्शकाचा ‘झोंबिवली’ (२०२२) कुठल्याच कादंबरीवर नाही आणि म्हणूनच जास्त मोकळा आहे. डोंबिवलीतलं पाणी, टॉवर आणि शेजारची झोपडपट्टी यांतून झोंबी निघतात. आम्हा डोंबिवलीजवळच्या दिवा गावातल्या लोकांना, ज्यांची सकाळ टँकर आला का या चौकशीने सुरू होते, तिथे नियम शिकवावे लागलेच नाहीत. उत्तरार्धात मात्र नुसती पळापळ उरते.

मग आपल्या खऱ्या जाड पुस्तकांचं काय? ‘ययाति’त शाप आहे, उसनं घेतलेलं तारुण्य आहे. ‘मृत्युंजय’मध्ये जन्मजात कवचकुंडलं आहेत. पण दोन्हींचा जीव अद्भुतात नाही, स्वगतात आहे. खांडेकरांकडे ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात. सावंतांकडे कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण बोलतात. हे पडद्यावर आणताना हटकून दोन चुका होतात. एकतर पार्श्वभूमीवर भारदस्त आवाज लावून तीच वाक्यं ऐकवायची, लिंचसारखी. नाहीतर स्वगतं काढून टाकून उरलेल्या युद्धावर पैसा ओतायचा. पहिलीत श्रुतिका होते आणि दुसरीत महाभारताची आणखी एक मालिका.

माझ्या हातात असतं तर मी ‘मृत्युंजय’मधले पाच निवेदक बाजूला ठेवून कर्णाचा भाऊ शोण एकटा घेतला असता. भावाच्या कानातली कुंडलं रोज बघणारा, आपल्याला ती का नाहीत हे आईला विचारणारा सूताचा मुलगा. त्याला राजवाड्यात जेवढं येऊ देतील तेवढंच कॅमेऱ्यालाही दिसेल. कुंतीचं गुपित त्याला माहीत नाही, म्हणून ते आपल्यालाही शेवटपर्यंत कोणी सांगायचं नाही. कवच उतरतं तेव्हा शोण दाराबाहेर असेल, आणि आत काय झालं ते भावाच्या अंगावरच्या रक्तावरून ताडेल. सावंतांचे वाचक यादी घेऊन येतील, येऊ देत.