गुप्तपोलिसी कथेंतील शोक

डेन्मार्क-स्वीडनमधील गुन्हेशोधाच्या दूरचित्रवाणी-मालिका परभाषी प्रेक्षकांनाहि इतक्या कां आवडाव्या, याचें कारण पुष्कळ टीकाकार तेथील काळोख्या हिवाळ्यांत आणि अबोल नायिकांत शोधतात. आमच्या मतें हें निदान अपुरें आहे. काळोख हा केवळ वेष झाला. आकर्षणाचें बीज निराळें आहे. तें पाहावयाचें तर सोरेन स्वाइस्त्रुप यांनीं लिहिलेली 'फोर्ब्रूदेल्सेन', म्हणजे 'गुन्हा', ही २००७ सालची डॅनिश मालिका घ्यावी.

एका १९ वर्षांच्या मुलीचा खून आणि २० भागांत चाललेला त्याचा तपास, एवढेंच कथानक. एक भाग म्हणजे तपासाचा साधारण एक दिवस. जुनी इंग्रजी गुप्तपोलिसी कथा प्रेताला कोडें मानते. पहिल्या प्रकरणांत मेलेला मनुष्य दुसऱ्यांत विस्मृत होतो आणि पुढें शोधकाची बुद्धि तेवढी झळकते. येथें तसें होत नाहीं. सारा लुंड हिचा शोध व कोपनहेगनच्या नगरभवनांतील निवडणूक यांच्या बरोबरीनें मुलीच्या आईबापांचें घर अखेरपर्यंत आपल्यासमोर राहतें. मुलगी गेली तरी धाकट्या मुलांना जेवूं घालावें लागतें, बापाला सामान वाहण्याचा धंदा चालवावा लागतो. खुनी कोण, या प्रश्नाहून हें घर आतां उभें कसें राहणार, हा प्रश्न मोठा होतो.

मालिका निर्दोष आहे असें नव्हे. नवा संशयित पुढें करावयाचा व कांहीं भागांनीं सोडून द्यावयाचा, ही युक्ति पुढेंपुढें उघडी पडते. परंतु तीहि सर्वस्वी निरर्थक नाहीं. परदेशी वंशाच्या एका निरपराध शिक्षकावर संशय येतो तेव्हां सुखवस्तु समाजाच्या पोटांतील अविश्वास दिसूं लागतो. गुन्ह्याच्या निमित्तानें समाजाची झडती घेण्याची ही रीत माय श्योवाल व पेर वालो या स्वीडिश लेखकद्वयानें १९६५ ते १९७५ या काळांतील आपल्या दहा कादंबऱ्यांत घालून दिली होती.

२०११ सालच्या 'ब्रोन' मालिकेशीं तुलना केली म्हणजे भेद स्पष्ट होतो. दोन देशांना जोडणाऱ्या पुलावर, नेमकें सीमारेषेवर प्रेत सांपडतें. कल्पना विलक्षण खरी, पण तेथें चमत्कृतीला जागा अधिक आणि शोकाला कमी. ती मालिका आपणांस थक्क करते. 'फोर्ब्रूदेल्सेन' व्याकुळ करते. मेलेल्या माणसाची उणीव कोणाला तरी भासली पाहिजे, हें भान जी रहस्यकथा राखते तीच करमणुकीच्या पलीकडे जाऊन वाङ्मयाच्या पंक्तीला बसते.