डांबराखाली काय आहे? एका सायकल-वाटेची उलटतपासणी

रिसर्च प्रपोजल लिहिताना आपण हमखास कुठे घसरतो, माहितीये? जे मोजायला सोपं, त्यालाच 'यश' म्हणतो. माझ्या पहिल्या मसुद्यातही 'वाट किती लोक वापरतात' एवढाच निकष होता. गाइडने तो लाल पेनाने खोडला, ते बरंच झालं.

उदाहरण बघा. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातली 'ट्रेल ऑफ द कोर डलेन्स': मलन ते प्लमर, चालायला आणि सायकलला सुमारे 117 किलोमीटरची डांबरी वाट, 2004 मध्ये खुली झालेली. तिचा पश्चिमेकडचा भाग कोर डलेन या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो.

गोम पुढे आहे. ही मूळची युनियन पॅसिफिकची रेल्वेलाइन. सिल्व्हर व्हॅलीतल्या खाणींचा माल हिच्यावरून जायचा. रुळांखालच्या भरावात खाणीचा टाकाऊ माल, त्यावर वॅगनमधून सांडलेलं खनिज. म्हणजेच शिसं. 1991 मध्ये जमात कोर्टात गेली. पुढे रेल्वे, सरकार आणि जमात यांच्यात तडजोड झाली: काही दूषित माती उचलली, उरलेली डांबर आणि खडीखाली झाकली.

म्हणजे ही वाट एक झाकण आहे. शिसं मूलद्रव्य आहे, ते कुजून नाहीसं होत नाही. धोका दोन गोष्टींवर ठरतो: पदार्थ किती घातक आणि आपला संपर्क किती. इथे फक्त संपर्क कमी केला. उपाय म्हणून तो चुकीचा नाही, आणि जमात स्वतः करारात होती, हेही विसरू नका. पण याला 'सफाई झाली' म्हणणं मला पटत नाही. झाकण कायम सांभाळावं लागतं.

वाटेवर सूचना आहेत: वाट सोडू नका, खाण्याआधी हात धुवा. दोन तासांच्या पाहुण्याला हे सोपं आहे. पण ज्यांचा पारंपरिक पाणबटाटा तलावाकाठच्या चिखलातून खणून काढायचा असतो, त्यांचं जेवणच वाटेबाहेर उगवतं. सायकली मोजणाऱ्या यंत्रात हा प्रश्न उमटतच नाही.

तेव्हा आपल्या तक्त्यात आणखी दोन रकाने घाला: हा प्रश्न कोणाचा? आणि हा उपाय किती वर्षं, कोणी सांभाळायचा? हे दोन रकाने रिकामे राहिले, तर बाकीचे आकडे कितीही देखणे असोत, प्रपोजल अजून कच्चं आहे.