ट्युरिंगचा खेळ आणि मुंगीचा जीव

यंत्राला स्वतःचा विचार असतो का, या वादाचं मूळ शोधायला गेलं की सगळे ॲलन ट्युरिंग यांच्या १९५० सालच्या निबंधापाशी येऊन थांबतात. ‘माइंड’ या नियतकालिकात आलेला हा निबंध वाचायला मोठा गमतीचा आहे. त्यातला खेळ असा : एक पुरुष, एक बाई, दोघंही दुसऱ्या खोलीत. टाइप केलेल्या उत्तरांवरून बाई कोण, ते ओळखायचं. मग पुरुषाच्या जागी यंत्र बसवायचं. (बाईची नक्कल साधणं ही अकलेची परीक्षा, हे आपण बायकांनी लक्षात ठेवावं!)

पण निबंध निसटतो तो इथेच. विचार म्हणजे काय हे बाजूला ठेवून ट्युरिंग विचार केल्यासारखं बोलणं तपासतात. आणि बोलणं तर आपल्याकडे पुद्गलच. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात शब्द पुद्गलाच्या पर्यायांत मोजलाय. द्रव्यमनही पुद्गलाचंच. मग पुद्गलाने शब्दाला शब्द जुळवला, तर पाठशाळेत शिकलेल्या बाईने दचकायचं कशाला? जीवाचं लक्षण उपयोग, म्हणजे जाणणं-पाहणं. मुंगी तीन इंद्रियांची, असंज्ञी. मनच नाही तिला. ट्युरिंगच्या खेळात ती साफ नापास. तरी शेगडी पेटवण्याआधी आपण तिलाच जपून बाजूला करतो, मोबाइलला नाही.

ट्युरिंगवर अन्याय मात्र नको. आत्मा फक्त माणसाला, प्राण्यांना नाही, हे त्यांना पटत नाही. माणूस आणि प्राणी यांच्यापेक्षा सजीव आणि निर्जीव यांतलं अंतर मोठं, असं ते म्हणतात. तिथे मी पेन्सिलीने रेघ ओढली. गृहस्थ अगदी आपल्या उंबऱ्यापर्यंत आले होते! पण पुढे म्हणतात, देवाच्या मनात आलं तर तो यंत्रातही आत्मा घालील. आपल्याकडे आत्मा घालणारा कुणी नाहीच, तेव्हा ती वाटही बंद.

गेल्या क्षमावाणीला मला आलेले तीन निरोप जवळजवळ सारखेच होते. यंत्राकडून लिहून घेतले, हे तिघींनीही कौतुकाने सांगितलं. मराठी सुरेख, ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही. त्यांतल्या एकीशी माझं खरोखरच बिनसलंय. कषाय तिच्या मनात आहे, माझ्याही आहे. यंत्रात तो नाही. क्षमा कशाबद्दल मागतोय हे त्याला ठाऊक नाही, आणि तिला ठाऊक असून तिने लिहिलेलं नाही. त्या निरोपाला मी अजून उत्तर दिलेलं नाही.