परक्याची मराठी आणि मोल्सवर्थचा कोश

परभाषा शिकणें निराळें आणि परक्या मुलखांत घर करून तेथील भाषेंत राहणें निराळें. पहिल्यास कोश व व्याकरण पुरतें. दुसऱ्यास शेजारी लागतात. हा भेद आमच्या ध्यानांत आणून दिला तो जालन्यास येऊन राहिलेल्या एका परदेशी गृहस्थांनीं. मोंढ्यांत जाऊन ते मराठींत भाव विचारीत, आणि हमालापासून अडत्यापर्यंत सारे त्यांना हिंदींत उत्तर देत. आम्ही तर, आपल्या सुशिक्षितपणाला जागून, त्यांच्याशीं इंग्रजींतच बोललों! शेवटीं ते म्हणाले, "येथें मला मराठींत चुकूंसुद्धां कोणी देत नाहीं." हे शब्द मनांत ठेवून आम्हीं मोल्सवर्थचा कोश पुन्हां चाळावयास घेतला.

जेम्स मोल्सवर्थ हा सैन्यांतील इंग्रज अधिकारी. जॉर्ज व थॉमस कँडी या बंधूंच्या आणि अनेक पंडितांच्या साहाय्यानें रचलेला त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं मुंबईस छापून निघाला. वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं आली, आणि तिची शब्दसंख्या सुमारें ६०,००० आहे. या कोशाचा पहिला गुण असा कीं, त्यांत शब्दाचें कूळ नोंदलें आहे, पण कुळावरून त्याला पंक्तींतून उठविलेलें नाहीं. वेदान्तांतील संज्ञेच्या शेजारीं तिफण आणि पाभर सुखानें नांदतात. संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्थानी अशा मूळ दाखविणाऱ्या खुणा शब्दांना जोडल्या आहेत. तरी 'अर्ज', 'वकील', 'फिर्याद' हे शब्द मराठीच ठरले आहेत.

जालन्याच्या वाचकाला या उदारपणाची किंमत अधिक कळेल. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. कचेरींत उर्दू, उच्च शिक्षणासाठीं १९१८ सालीं निघालेलें उस्मानिया विद्यापीठ तेंही उर्दू माध्यमाचें. पेठेंत मारवाडी, तांड्यावर बंजारी, आणि घरांत व शेतांत मराठी. अशा ठिकाणची मराठी सोंवळ्याच्या दृष्टीला भेसळीची वाटते. मोल्सवर्थला ती तशी वाटली नसती. भाषेच्या कुळाचा अभिमान वा राग परक्याला नसतो; जो शब्द लोकांच्या तोंडीं आहे तो त्याला हवा असतो. याबाबतींत आपल्या भाषाशुद्धिवाद्यांपेक्षां या परक्याचा कान अधिक प्रामाणिक होता, असें आम्हांस वाटतें.

तथापि कोशाची मर्यादाही स्पष्ट आहे. तो मराठी शब्दापुढें इंग्रजी अर्थ ठेवतो. म्हणजे वाचणारा उंबरठ्यापर्यंत येतो, परंतु त्याचें घर इंग्रजींतच राहतें. 'तूं' आणि 'तुम्ही' यांचे अर्थ कोशांत सांपडतात. पण आईला 'तूं', वडिलांना 'तुम्ही' आणि विठोबाला पुन्हां 'तूं' कां, हें कोणता कोश सांगेल?

ही उणीव पुढें ज्यांनीं भरून काढली त्यांत मॅक्सीन बर्नसन यांचें नांव घेतलें पाहिजे. या अमेरिकन विदुषींनीं फलटणच्या बोलीचा अभ्यास केला. एकाच गांवांत निरनिराळ्या थरांतील माणसें मराठी कशी निरनिराळी बोलतात, हा त्यांचा विषय. जाई निंबकर यांच्यासह परकीयांसाठीं रचलेलीं त्यांचीं मराठीचीं पाठ्यपुस्तकें व व्याकरण १९७५ सालीं निघालीं. १९७८ सालीं त्यांनीं भारताचें नागरिकत्व घेतलें आणि फलटणासच मुलांच्या शिक्षणाचें कार्य उभें केलें. मोल्सवर्थनें शब्द ऐकले. बर्नसनबाईंनीं बोलणारीं माणसें ऐकलीं.

कोणी म्हणेल, बहुभाषी देशांत हिंदी वा इंग्रजीनें काम भागतें, मग परक्यानें एवढी खटपट कां करावी? प्रवाशापुरतें हें खरें आहे. परंतु थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास उतरला तेव्हां राज्य पोर्तुगीजांचें व बाजार कोंकणीचा होता. केवळ काम भागविणाऱ्यानें तेवढ्यावर भागविलें असतें. त्यानें कोंकणीचें व्याकरण लिहिलें आणि १६१६ सालीं छापलेलें ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत रचलें. त्याचा हेतु धर्मप्रसाराचा होता, हें खरें. पण हेतूनें ओवी साधत नाहीं, ती ऐकून ऐकून साधते.

आणि ऐकावयास कोणी ऐकविणारा लागतो. मोल्सवर्थच्या कोशाचें अर्धें श्रेय आम्ही त्याच्या पंडितांना देतों, कारण कोणीतरी त्याच्याशीं मराठींत बोलत राहिल्याखेरीज हें काम होणें शक्य नव्हतें. आम्हीं आमच्या पाहुण्याला तेवढेंही दिलें नव्हतें. परवां ते पुन्हां आले आणि म्हणाले, "माझी घर स्टेशनजवळ आहे." इंग्रजी शब्द ओठांवर आला होता, तो आम्हीं गिळला. "माझी नव्हे, माझें घर," आम्हीं सांगितलें. त्यांनीं तें दोनदां म्हणून पाहिलें, आणि मग बोलणें मराठींतच पुढें चाललें.