‘द्वंगुलपञ्ञा’ : थेरीची गाथा आणि अट्ठकथेची भाषा

थेरीगाथेच्या भाषेचा स्त्री-पुरुषभेदाच्या अंगाने विचार करणाऱ्या ग्रंथांत कॅथरिन ब्लॅकस्टोन यांचा १९९८ चा इंग्रजी ग्रंथ महत्त्वाचा आहे. थेर आणि थेरी यांच्या गाथा समोरासमोर ठेवून त्यांतील शब्द व प्रतिमा तपासणे, ही त्यांची पद्धत. थेरगाथेतील काही भिक्खू स्त्रीचे प्रेत पाहून अनित्यता जाणतात. अंबपाली मात्र स्वतःच्याच जराजीर्ण देहाकडे पाहते. असा भेद तुलनेनेच ठळक होतो. परंतु गाथा जुन्या, अट्ठकथा शतकांनंतरची, आणि आपण गाथा वाचतो ती बहुधा अट्ठकथेच्या आधाराने. भाषेतील भेदाचा शोध या दुसऱ्या थरापर्यंत नेला पाहिजे.

सोमा थेरीचे उदाहरण घेऊ. अंधवनात मार तिला हिणवतो की, ऋषींनाही दुर्लभ असलेले पद ‘द्वंगुलपञ्ञा’ स्त्रीला, म्हणजे दोन बोटांच्या अकलेच्या स्त्रीला, मिळणार नाही. चित्त समाहित असता स्त्रीत्वाने काय बिघडते, असे सोमा विचारते आणि माराला परतवते. शब्द माराचा आहे, हे येथे विसरता कामा नये. पण आचार्य धम्मपाल त्याचे समर्थन केल्यासारखे स्पष्टीकरण देतात : सात-आठ वर्षांच्या वयापासून भात रांधूनही स्त्रियांना तो शिजल्याचे कळत नाही, डावाने शिते काढून दोन बोटांनी दाबावी लागतात. संयुत्ताच्या अट्ठकथेत दुसरी उपपत्ती येते, ती दोन बोटांत पेळू धरून सूत काढण्याची. दोन्हीकडे स्त्रीचे रोजचे कौशल्य तिच्या अल्पबुद्धीचा पुरावा ठरले! आमच्या मराठीत शितावरून भाताची परीक्षा हा अनुमानाचा नमुना मानतात. अट्ठकथाकारांनी कधी भात रांधला असता तर त्यांनाही शीत दाबूनच पाहावे लागले असते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली ‘महाबोधि’ मासिकातील लेखात महापरिनिब्बान सुत्तातील स्त्रियांविषयीचा आनंदाशी झालेला संवाद प्रक्षिप्त ठरवला. तथागतांच्या एकंदर वर्तनाशी वचन जुळते का, हे त्यांनी पाहिले. मूळ सुत्ताला लावलेली ही कसोटी अट्ठकथेला लावण्यास आपण का कचरावे? विहारांतील प्रवचनांत अट्ठकथेतील कथा बुद्धवचनाच्याच सुरात सांगितल्या जातात, हे मला खटकते.

आणखी एक बाब अनुवादकांसाठी. पालीतील क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगत नाही. ते कृदन्तातून कळते. मराठीत मात्र ‘गेलो’ की ‘गेले’ हे ठरवल्यावाचून वाक्यच पुरे होत नाही. भिक्खुनीसंयुत्तातील सोमेचे उत्तर नेमके यापलीकडचे आहे : ‘मी स्त्री’, ‘मी पुरुष’ असे ज्याच्या मनात येते, त्याच्याशीच माराने बोलावे. थेरीगाथेतील तिच्या तीन गाथांत हा भाग नाही. थेरीगाथेच्या मराठी आवृत्तीत तो सोमेच्या गाथांखाली छापावा. अर्ध्या पानाचे काम आहे.