मैनेच्या नथीपासून बेळगावपर्यंत

लढ्यासाठी लिहिलेली गाणी बहुधा लढ्याबरोबरच संपतात. अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड मात्र संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत जन्मली आणि आजही गायली जाते. याचं कारण मला तिच्या रचनेत सापडतं. चळवळ या गाण्यात फार उशिरा येते.

सुरुवातीला आहे ती फक्त मैना, म्हणजे बायको. तिचा बांधा, रंग, चालणं, बोलणं हे सगळं लावणीच्या जुन्या रीतीनं, मोकळ्या कौतुकानं येतं. मग गरिबी ताटातूट करते. भल्या पहाटे भाकरीचं गाठोडं बांधून नवरा मुंबईला निघतो, ती गावदरीपर्यंत पोचवायला येते आणि तिथं तिचा चेहरा उतरतो. तिला हसवायला तो दागिने कबूल करू लागतो: तोडे, कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, मासोळ्या, नथ. ही यादी मला गाण्याचा गाभा वाटते. ज्याच्या खिशात दमडी नाही तोच इतक्या बारकाईनं एकेक डाग मोजतो. मैना हसत नाही. तिला या बोलीची किंमत कळलेली असते, आणि अण्णाभाऊ ते एका शब्दानंही समजावून सांगत नाहीत.

१९२० साली वाटेगावात जन्मलेले अण्णाभाऊ लहानपणी वडिलांबरोबर पायी मुंबईला आले. म्हणजे बायकोला गावदरीला सोडून आलेला तो तरुण नवरा म्हणजे जसेच्या तसे ते नव्हेत. वाट त्यांची, उपासमार त्यांची, गिरणीतली मजुरी त्यांची. विरह मात्र आजूबाजूच्या खोल्याखोल्यांतला. घाटावरचे आणि कोकणातले हजारो गडी एका खोलीत दाटीनं राहायचे, खानावळीत जेवायचे, आणि प्रत्येकाची मैना गावाकडं असायची. स्वतः भोगलेलं आणि शेजारी पाहिलेलं यांचा सांधा इथं कुठं दिसत नाही. एकट्याचं दुःख सगळ्यांचं व्हायचं तर नुसतं प्रांजळ असून भागत नाही. शेजारच्या वळकटीवर कोण का जागा आहे, हेही ठाऊक असावं लागतं.

पुढं मुंबई येते. बेकारांची गर्दी, पावसाच्या पाण्यानं भरलेला खिसा. मग लढा, आणि अखेरीस कवी सांगतो की मैनेची आणि आपली जी गत, तीच तुकडे झालेल्या महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, निपाणी दुरावलेली.

एवढी मोठी उडी कानाला खटकत कशी नाही? यमक ऐका. जवळजवळ सगळी छक्कड ‘ची’वर चालते. रामाची, पुतळ्याची, मुंबईची, महाराष्ट्राची. षष्ठीचा हा प्रत्यय सुरुवातीपासून कोण कुणाचं, याचाच हिशेब मांडत असतो. त्यामुळं घरातून नकाशात शिरताना उंबरठा लागत नाही. त्यावर मागचे झीलकरी मैना गावाकडं राहिल्याचं तेच ध्रुपद पुन्हा उचलतात. शब्द तेच असतात, पण पहिल्या वेळी त्यात बायको असते आणि शेवटी सीमाभाग. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभारणाऱ्या शाहिराला समोरच्या माणसांचा कान नेमका ठाऊक होता. मैदानात जमलेल्या कामगाराला सीमाप्रश्न आधी समजावून सांगायची गरजच उरली नाही. तो आधीच मैनेसाठी हळहळलेला होता.

शाहीर विठ्ठल उमपांच्या खड्या आवाजात ही छक्कड जरूर ऐका, आणि मैनेच्या रूपवर्णनावर थांबू नका. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, पण बेळगाव, कारवार, निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकातच राहिली. शेवटचं कडवं या दुरावलेल्या गावांचं आहे.